टिंब आणि कुकारा

माझ्या सुनेबद्दल लिहायचं तर म्हशीपासून सुरुवात करावी लागते. रुक्माला हे आवडायचं नाही. पण ती तिसरीपर्यंत शिकलेली, माझं बारीक अक्षर वाचायचा तिला कंटाळा. आणि माझी नात सोनिया तिला हे वाचून दाखवणार नाही, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे. तेव्हा म्हैस.

रुक्मा अणशी गावाकडची. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा आमच्याकडं चंद्री नावाची म्हैस होती. गळ्यात लाकडी घंटा. रानात चरायला सोडली की संध्याकाळी घंटेच्या आवाजावर तिला शोधून आणायचं, हे माझं काम. एका संध्याकाळी चंद्री आली नाही. मी निघालो. घंटा ऐकू येत होती, टोक टोक, पलीकडच्या जाळीतून. मी अलीकडून गेलो, पलीकडून गेलो, काटे लागले, धोतर फाटलं, चंद्रीला शिव्या घातल्या. घंटा वाजतेय, म्हैस दिसत नाही. तेवढ्यात खालून घराकडून कुकारा आला. कूऽऽ असा लांब. बाईचा आवाज, आणि आमच्या वाडीतल्या कुणाचाच नव्हे. मी उत्तर दिलं आणि खाली आलो, तर नवी सून अंगणात उभी.

"मामा," ती म्हणाली, "म्हस घरात हाय. कवाची गोठ्यात येऊन उभी ऱ्हाईली हाय."

"मग ही घंटा कुणाची वाजतेय?"

"वेलीत अडकून तुटली आसंल. चरणाऱ्या म्हशीची घंटा थांबत थांबत वाजती. ही आपली वाऱ्यासंगं वाजतीया."

दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं, तर घंटा खरोखर वेलीला लटकलेली. ही गोष्ट मी वाडीत इतक्या वेळा सांगितली आहे की आता मी "म्हस" म्हटलं की पोरं उठून जातात.

आमची वाडी म्हणजे जोयडा तालुक्यात, गुंद गावच्या रस्त्यावरून आत उतरल्यावर लागणारी पाच-सहा घरं. पण वाडी म्हटल्यावर घराला घर लागून असेल असं समजू नका. प्रत्येकाचं घर आपापल्या शेताच्या काठाला, आणि दोन घरांच्या मध्ये रान. म्हणून आमच्यात कुकारा. रानात जाणाऱ्यानं मधेमधे कुकारा घालायचा, घरातल्यानं उत्तर द्यायचं. उत्तर मिळालं की दोघंही आपापल्या कामाला. नाही मिळालं तर हातातलं टाकून निघायचं. यात काय बोलायचं नसतं. मी हाय, तू हायस का, एवढंच. रुक्माचा कुकारा साऱ्या वाडीत ओळखीचा. आधी खाली, मग वर चढतो आणि शेवटी जरा तुटतो.

माझा मुलगा गुरुदास, तिचा नवरा, बरीच वर्षं गोव्यात आहे. वेर्ण्याला एका औषधाच्या कारखान्यात. चतुर्थीला येतो, शिगम्याला येतो, मधे कधी कुणी वारलं तर येतो. म्हणजे घर चालवलं रुक्मानं. भात तिनं केलं, परड्यातले कंद तिनं लावले आणि खणले, उन्हाळ्यात वणवा अडवायच्या वनखात्याच्या जाळरेषेचा पाला ओढायला ती गेली. आणि सोनियाला वाढवलं. मी होतो, पण माझं काम गोष्टी सांगायचं.

सोनिया दहावीला चांगली पास झाली आणि जोयड्याला पीयूसीला, म्हणजे अकरावीला गेली, सायन्सला. आमच्या वाडीतून सायन्सला जाणारी ती पहिली. कॉलेजातले धडे फोनवर येतात म्हणाली, तर गुरुदासनं चतुर्थीला येताना तिच्यासाठी फोन आणला. आणि नुसता फोन नाही आणला. त्याच्याबरोबर खानापूरकडचा महेश म्हणून कामाला आहे, त्यानं त्याला पोरांच्या फोनला बंधनं कशी घालायची ते शिकवलं होतं. त्यावेळी आमच्याकडं रेंज यायची बसच्या वळणावर. तिथं मोरीच्या कठड्यावर आम्ही सगळे बसलो आणि गुरुदासनं दोन फोन शेजारी ठेवून त्यांची सोयरीक जुळवली.

"आबा, हे बघ," तो मला म्हणाला. "फोन सोनियाचा, पण किल्ली माझ्याकडं. रात्री नऊला फोन झोपणार, सकाळी सातला उठणार, आणि दिवसाला ठरलेला वेळच चालणार. नवं काय घालायचं झालं तर माझ्या फोनवर विचारणा येणार, मी व्हय म्हटलं तरच आत. आणि पोर कुठं हाय ते मला वेर्ण्यात बसून नकाशावर दिसणार. हे टिंब म्हंजे सोनिया."

"टिंब लई बारीक हाय रं," मी म्हटलं. "पोर आमची चांगली उंच हाय."

सोनिया हसली. रुक्मा सगळं बघत होती. तिच्याकडंही एक फोन होता, गुरुदासनं वापरून दिलेला, काच तडकलेला.

"आनी माझ्याकडं काय?" तिनं विचारलं.

"तुझ्याकडं पोर हाय की," गुरुदास म्हणाला. आम्ही सगळे हसलो. रुक्मा हसली नाही, हे मला आठवतंय.

गुरुदास गेला आणि फोनच्या राखणीचे ताप सुरू झाले. कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या बाईंनी सांगितलं की शरीराच्या आतली चित्रं दाखवणारं एक ॲप घ्या. सोनियानं संध्याकाळी वळणावर जाऊन विचारणा पाठवली. गुरुदास दुसऱ्या पाळीला. कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, गेटावर पेटीत ठेवायचा. सुटल्यावर रात्री त्यानं बघितलं, व्हय म्हटलं. पण ते व्हय इथं कुठं पोचणार? घरात रेंज नाही. दुसऱ्या संध्याकाळी सोनिया वळणावर गेली तेव्हा ते आलं. मग ॲप उतरता उतरता फोन म्हणाला, आजचा तुझा वेळ संपला. तिसऱ्या दिवशी ते पोटातलं चित्र दिसलं. मी तिला म्हटलं, "बाय, एवढ्यात मी तुला कोंबडी कापून दाखवली असती."

दुसरी गोष्ट पहाटेची. आमच्याकडं लोक कोंबड्याला उठतात. सोनियाही उठते आणि चुलीजवळ अभ्यास करते. पण तिचा फोन झोपलेला. तो सातला जागा व्हायचा आणि साडेसातला तिची बस. म्हणजे ही चप्पल घालते तेव्हा फोन डोळे उघडणार. रुक्मा भाकरी थापत हे रोज बघायची.

"फोन गोव्याच्या वक्तानं उठतो," ती एकदा म्हणाली, "आनी पोर आमची कोंबड्याच्या. सांग की बाबाला."

"नको आई. बाबाला वाटंल फोन जास्त वापरायला मागतीय."

रविवारी गुरुदासला सुट्टी. तेव्हा संध्याकाळी बोलणं व्हायचं, पण वळणावर साऱ्या वाडीची रांग. बरं हाय का, बरं हाय, भात कापलं का, कापलं, संपलं.

मग कार्तिकात वळणावरची रेंज गेली. कुणी म्हणालं टॉवरचं तोंड फिरवलं, कुणी काय. नवी जागा सापडली ती मला. मी देवराईच्या कडेला पाला गोळा करायला गेलो होतो, आणि परतताना अंधार होईल म्हणून बॅटरीसाठी सोनियाचा फोन खिशात घेतला होता. देवराईत आम्ही पानसुद्धा तोडत नाही. आत शिरायच्या आधी चपला काढून देवाला सांगायचं आणि दिवेलागणीनंतर तिथं पाय ठेवायचा नाही. तर मी कडेच्या मोठ्या खडकापाशी हात जोडून उभा, आणि माझा खिसा बोलायला लागला. कुठल्या तरी बँकेची बाई, कर्ज हवंय का विचारत होती. देवासमोर. मी तिला म्हटलं, "बाई, मागनं बोल, आता देव ऐकतोय." पण रेंज सापडली. दुसऱ्या दिवसापासून वाडीतली सगळी पोरं संध्याकाळी त्या खडकावर. मीही काठी घेऊन जाऊन बसायचो, दिवेलागणीआधी सगळ्यांना खाली हाकलायला. पोरं धडे उतरवून घ्यायची, घरी आणून वाचायची.

हे गुरुदासला कुणी सांगितलं नाही. रेंज हलली हे आम्हाला झऱ्याचं पाणी हलल्यासारखं. त्यात सांगायचं काय?

मार्गशीर्षात आमची मळणी चालू होती. रुक्मा खळ्यावर पेंढा झाडत होती, मी सावलीत बसून देखरेख करत होतो. दुपारच्या बसनं गुरुदास उतरला. अंगावर कारखान्याचा शर्ट, हातात पिशवी नाही. खळ्यापर्यंत आला आणि पाणीसुद्धा न मागता म्हणाला, "सोनिया कुठं हाय?"

"कालेजात," रुक्मा म्हणाली. "कुठं असणार?"

"काल दुपारी कुठं हुती?"

"कालेजात."

"परवा रात्री?"

रुक्मानं पेंढी खाली ठेवली. "अंथरुणात. झालं काय तुमास्नी?"

मग त्यानं सांगितलं. पंधरा-वीस दिवस झाले, पाळी सुटल्यावर खोलीवर जाऊन तो रोज नकाशा बघायचा आणि रोज रात्री टिंब देवराईत. त्याआधी टिंब रात्रीही बसच्या वळणावर असायचं, पण ते घराच्या वाटेवरचं म्हणून त्यानं मनावर घेतलं नव्हतं. आधी वाटलं चूक असेल. दुसऱ्या रात्री तिथंच. तिसऱ्या रात्री तिथंच. मग पाळीला जायच्या आधी दुपारीही बघायला लागला, तर कॉलेजच्या वेळेला टिंब देवराईत. रात्री जिथं मोठी माणसं पाय ठेवत नाहीत, जिथं बिबट्याचे पाय उमटतात, तिथं त्याची सोळा वर्षांची पोर.

"एकटी असंल तर जनावर खाईल," तो म्हणाला, "आणि एकटी नसंल तर..." मग त्यानं निकालच सांगितला. "तिचं कालेज बंद. उद्याच्या बसनं माझ्यासंगं गोव्याला. खोलीवर ऱ्हाईल, कायतरी काम बघू. माझ्या डोळ्यांसमोर तरी असंल."

मी सावलीतून उठलो. मी सांगायला लागलो, "अरे गुरुदास, त्याचं असं झालं, मी पाला गोळा करायला गेलो हुतो आणि माझ्या खिशात..."

"आबा, तुझी गोष्ट नको आता."

"अरे पण संध्याकाळी मी स्वतः असतो की रं तिथं..."

"संध्याकाळचं कोण बोलतंय? मी रात्री अकराचं बोलतोय. तवा तू घोरत असतोस."

हे खरं होतं. जन्मभर गोष्टी सांगितल्या की माणसाची साक्ष कुणी धरत नाही.

रुक्मा घरात गेली. मला वाटलं रडायला गेली. ती हात धुऊन आली आणि नवऱ्याला म्हणाली, "आत या."

चुलीजवळ तांदळाचा डबा. डब्यावर सोनियाचा फोन. कॉलेजात फोन नेऊ देत नाहीत, म्हणून तो दिवसभर तिथंच पडलेला असतो.

"ह्यो फोन तिचाच न्हवं?"

"व्हय."

"मग बघा तुमच्या फोनात, टिंब कुठं हाय."

"हितं रेंज कुठं हाय?"

"न्हाई. म्हणून सांगते. ह्यो फोन मी हितंच ठेवते, तुमच्या डोळ्यांदेखत. हात लावणार न्हाई. तुमी मामांसंगं वर खडकावर जा. तिथं आता रेंज येती, वळणावरची कवाच गेली. वर जाऊन टिंब बघा आनी मला कुकारा घाला."

"आणि मग?"

"मग काय दिसंल तसं करा. पोरीला न्यायचं तर न्या. मी आडवी येणार न्हाई."

हे ऐकून मी तिच्याकडं बघितलं. ती शांत होती. पण तिच्या हाताला पेंढ्याची कुसळं टोचली होती आणि ती एकेक करून काढत होती, संपली तरी काढत होती.

आम्ही चढलो. गुरुदास पुढं, मी मागं. मला धाप लागलेली, त्यामुळं गोष्ट सांगता येत नव्हती. खडकाजवळ चपला काढल्या. गुरुदासनं आधी देवराईत नजर टाकली. शुकशुकाट. कडेला पोरांनी बसायला टाकलेलं पोतं, एका पेनाचं टोपण. त्यानं खडकामागंही बघितलं. मग पोत्यावर बसला आणि फोन काढला.

फोनवर चक्र थोडा वेळ फिरत राहिलं. मग नकाशा उघडला. मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. हिरवं रान, त्यात हे खडकाचं ठिकाण, आणि नेमकं त्यावर सोनियाचं टिंब. आम्ही बसलो होतो तिथंच.

गुरुदासनं आपल्या डाव्या बाजूला बघितलं. मग उजव्या बाजूला. मग माझ्याकडं.

"हितंच हाय म्हणतोय," तो म्हणाला.

"बघ तुझ्या मांडीवर बसली आसंल," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

"पण फोन तर मी आत्ताच डब्यावर बघितला."

"व्हय की. मीबी बघितला."

तेवढ्यात खालून कुकारा आला. आधी खाली, मग वर, शेवटी तुटलेला. आमच्याकडून कुकारा गेला नाही म्हणून तिनंच घातला होता. गुरुदास इतकी वर्षं गोव्यात, पण तोंडाला हात कधी गेला हे त्याचं त्यालाही कळलं नसेल. त्यानं उत्तर दिलं. चांगलं दणदणीत.

मग तो फोनकडं परत बघत बसला. टिंबाखाली बारीक अक्षरात काहीतरी होतं, इंग्रजीत. मला ते वाचता येत नाही. त्यानं बोटानं ते मोठं केलं आणि ओठ हलवत वाचलं.

"काय लिवलंय?"

"काल संध्याकाळची वेळ हाय," तो हळू म्हणाला. "म्हंजे फोन कुठं हुता ते त्याला कालच कळलंय. त्यानंतरचं न्हाईच कळलं." त्यानं खाली घराकडं बघितलं. "हितं रेंज मिळती. खाली गेलं की तुटती. टिंब बापडं हितंच बसून ऱ्हातंय."

"रोज?"

"रोज. दुसऱ्या संध्याकाळी पोर येईस्तवर."

मी बोलणारच होतो, पण त्याआधी तोच म्हणाला, "आबा, चंद्रीची घंटा."

आता सांगतो, मला त्या वेळी किती आनंद झाला. एक तर पोर वाचली. आणि दुसरं, माझी गोष्ट माझ्याआधी कुणीतरी दुसऱ्यानं सांगितली, ती पण माझ्या मुलानं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली तर त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं हसतोय. तर तो रडत होता. पंधरा-वीस रात्री पोरीला रानात बघून माणूस झोपला नव्हता, आणि आजवर पाळी मात्र एक चुकवली नव्हती.

खाली आलो तेव्हा रुक्मानं चहा ठेवला होता. फोन डब्यावर, तसाच.

"काय म्हणतंय टिंब?" तिनं विचारलं.

"म्हस घरात हाय," मी म्हटलं.

गुरुदास पाटावर बसला. "चुकलं माझं," म्हणाला. "पण रुक्मा, तूच सांग, मी काय करायचं हुतं? तितक्या लांबनं दिसतंय ते दिसतंय."

"इचारायचं हुतं." रुक्मानं कप त्याच्यापुढं ठेवला. "रानात माणूस दिसलं तर आपुन काय करतो? हाळी देतो. जो हाळी देऊन बघतो त्यो घरचा. हाळी न देता गुपचूप बघत बसतो त्यो वाघ. रविवारी तुमी फोनवर बोललासा, भात कापलं का म्हणलासा. पोर रात्री कुठं असती ते न्हाई इचारलंसा."

"वाटलं, इचारलं तर सावध हुईल."

"व्हय. वाघाला बी असंच वाटतं."

मी चहा प्यायलो. असल्या वेळी चहा प्यावा.

संध्याकाळच्या बसनं सोनिया आली. बापाला बघून आधी खूश झाली, मग त्याचा चेहरा बघून थांबली. गुरुदासनंच तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. गोव्याला न्यायला आलो होतो तेसुद्धा. मला वाटलं पोरगी चिडेल, ओरडेल. ती डब्याकडं गेली, फोन उचलला आणि बापाच्या पुढ्यात ठेवला.

"घेऊन जावा बाबा," ती म्हणाली. "मी मैत्रिणींच्या वह्या बघून लिवीन. कालेजला जाऊ द्या मला, फोन नको."

गुरुदास फोनला हात लावेना. सोनिया तो परत घेईना. फोन दोघांच्या मध्ये पाटावर. चूक झाली होती ती संपली होती, पण खरं कोडं आता पडलं होतं. फोनशिवाय सायन्स होत नाही हे तिला ठाऊक, त्याला ठाऊक, मलासुद्धा ठाऊक.

रुक्मानं फोन उचलला आणि आपल्या ओटीत टाकला.

"दिवा लागायच्या आत खडकावर चला," ती म्हणाली. "सगळी. ह्याच्या किल्लीचं काय ते आज ठरवू."

आम्ही चौघं चढलो. वाडीतली पोरं होती, त्यांना मी पलीकडच्या दगडावर बसवलं आणि म्हटलं, "आज घरची बैठक हाय." पोतं अंथरून रुक्मा मधोमध बसली.

"पैलं सांगा," ती नवऱ्याला म्हणाली, "ह्यात दोन पालक चालत्यात का एकच?"

"दोन चालत्यात. मी बोलावणं धाडायचं, तू तुझ्या फोनवर मान्य करायचं."

"मग धाडा."

रुक्माच्या तडकलेल्या काचेवर ते बोलावणं आलं. पण तिला ते मान्य करायला जमेना. बोट लावलं की काचेचा तडा मधे येई. शेवटी सोनियानं हात पुढं केला.

"माझ्याच कुलपाला माझ्याच हातानं किल्ली करते बघ आज्जा," ती मला म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा तिच्या तोंडावर जरा हसू होतं.

"आता नवं ॲप मागितलं तर?" रुक्मानं विचारलं.

"आता तुझ्याकडंबी विचारणा येईल. दोघांतल्या एकानं व्हय म्हटलं तरी झालं."

"म्हंजे ती हितं मागणार, मी हितंच शेजारी बसून व्हय म्हणणार. तीन दिवस लागणार न्हाईत. आनी न्हाई म्हणायचं तरी तोंडावर म्हणणार." मग तिनं वेळेचं काढलं. फोन नऊला झोपतो ते बरोबर, पण कोंबड्याला उठू दे. दुपारी फोन डब्यावर पडून असतो, तर तो वेळ पहाटेला द्या. गुरुदासनं तसं केलं. पहाटे चारपासून उघडा. त्यानं सोनियाकडं बघितलं. "चारला उठतीस?"

"रोज उठते बाबा. फोन उठत न्हवता."

मग गुरुदासला महेशनं सांगितलेली एक गोष्ट आठवली, जी त्यानं कधी वापरली नव्हती. पालकाच्या फोनमध्ये आकड्यांचा एक संकेत असतो, थोड्या थोड्या वेळानं बदलणारा. पोरीचा फोन बंद झालेला असताना तो संकेत घातला की फोन उघडतो. परीक्षेचा दिवस असेल, आजारपण असेल, अडलं-नडलं असेल, तेव्हा.

"त्याला रेंज लागती का?" रुक्मानं विचारलं.

"न्हाई लागत."

रुक्मा सरसावून बसली. "मग हेच तर आमच्या कामाचं. चतुर्थीला ह्येच का न्हाई दाखवलंत?"

गुरुदासनं तो संकेत कुठं दिसतो ते तिच्या फोनवर दाखवलं.

राहिलं टिंब. गुरुदासनं स्वतःच म्हटलं, टिंब काढून टाकतो. मला वाटलं सोनियालाही तेच हवं होतं. रुक्मा मात्र नको म्हणाली.

"जोयड्याहून येताना बस रानात बंद पडली तर? आसू दे टिंब. पण त्याच्या खाली बारीक लिवलेलं आधी वाचायचं, मग टिंब बघायचं. आनी बघायच्या आधी कुकारा घालायचा."

"वेर्ण्यावरनं?" गुरुदास म्हणाला. "कसा घालू?"

"ते तुमचं तुमी बघा. इतकं शिकलासा तर हेबी शिका."

सोनियानं फोन हातात घेतला आणि बापाला दाखवलं, आवाज कसा भरून पाठवायचा. एवढं बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. रेंज नसेल तर तो आवाज वाटेत थांबतो आणि रेंज आली की पोचतो. टिंबासारखा खोटं बोलत नाही.

खाली उतरताना रुक्मा माझ्यासोबत मागं होती. दोन्ही फोन तिच्या ओटीत.

"मामा," ती म्हणाली, "चतुर्थीला ह्ये म्हणाले हुते, तुझ्याकडं पोर हाय. आता किल्लीबी हाय."

गुरुदास दुसऱ्या दिवशी एकटाच गोव्याला गेला. सोनिया त्याच बसनं जोयड्यापर्यंत त्याच्या शेजारी बसून गेली. वाटेत काय बोलली ते मला सांगत नाही.

हे सगळं होऊन आता काही महिने झाले. सोनियाची पहिली परीक्षा झाली, जीवशास्त्रात बरी आहे, गणितात रडते. फोनबद्दल आईशी भांडतेसुद्धा. परवा काहीतरी नाचायचं ॲप मागितलं, रुक्मानं शेजारी बसून न्हाई म्हटलं, मग दोघी घरापर्यंत बोलल्या नाहीत. रीतसर चाललंय.

आणि रोज संध्याकाळी आम्ही खडकावर पोचलो की सोनियाच्या फोनला रेंज लागते आणि पहिल्यांदा काय येतं, तर आदल्या रात्री पाळी सुटल्यावर गुरुदासनं वेर्ण्याहून पाठवलेला आवाज. नुसतं कूऽऽ. पुढं-मागं काही नाही. मागं कुठंतरी मोटारी वाजत असतात. सोनिया बटण दाबून उत्तर देते आणि मग अभ्यासाला लागते.

गेल्या आठवड्यात मी तिला म्हटलं, जरा मोठ्यानं लाव, मला कमी ऐकू येतं. तिनं आवाज पुरा वाढवला. गुरुदासचा कुकारा खडकावरून निघून सगळ्या खोऱ्यात गेला. आम्ही खाली मान घालून बसलो होतो, तर पलीकडच्या उतारावरून, जिथं पुंडलिक गवत कापत असतो, तिथून उत्तर आलं. मग खालच्या घरातून बायजानं दिलं. मग आमच्या अंगणातून रुक्मानं, आधी खाली, मग वर, शेवटी तुटलेला. सोनियानं बटण दाबून धरलं होतं. ते सगळं तिनं तसंच बापाला पाठवून दिलं.